स्पीडवेल उर्फ व्हेरोनिका: साताऱ्याच्या बागेत कायमची टिकेल का?

माचीपेठ
नमस्कार मंडळी,
माझी धाकटी बहीण इंग्लंडात यॉर्कशायरला राहते. जून लागला की तिच्या अंगणातल्या एका झाडाला निळे तुरे यायला लागतात, ते पार ऑगस्टपर्यंत. झाड गुडघ्याएवढं, तुरा वीतभर, खालून वर उमलत जाणारा. मधमाश्या नुसत्या घोंगावत असतात. नाव व्हेरोनिका स्पिकाटा, तिकडे त्याला स्पीडवेल म्हणतात. हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं, वर बर्फ साचतो, आणि वसंतात त्याच मुळांतून परत फूट येते. बहीण म्हणते, "काही करावं लागत नाही गं, एकदा लावलं की झालं." तिच्या झाडाचा फोटो सोबत देतेय.

मला हा निळा रंग बागेत हवाच आहे. आमची जागा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर आहे. माती मुरमाड, पाणी साचत नाही, दुपारी एकपर्यंत ऊन आणि मग डोंगराची सावली. बर्फात न मरणारं झाड साताऱ्यात टिकायला हरकत नसावी असं मला वाटतं. कुणी लावलंय का? बी आणावं की रोप? बहीण दिवाळीला येणार आहे. मुळासकट एक गड्डा बॅगेतून आणते म्हणतेय.

पानाफुलांत
ताई, विषय आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हेरोनिका ही मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांतली मोठी प्रजाती आहे, साडेचारशेच्या वर जाती. ओळखायला सोपी: फुलाला चार पाकळ्या, त्यातली वरची सगळ्यात रुंद, आणि पुंकेसर फक्त दोन. स्पिकाटाचं वर्णन स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये केलं. युरोपापासून आशियाच्या थंड भागापर्यंत, कोरड्या गवताळ आणि चुनखडीच्या जमिनीवर ती रानात वाढते. "कोरड्या" हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पूर्वी ती निराळ्या कुळात धरायचे. आता तिला इसबगोलाच्या कुळात घातलंय. त्याच कुळात आपल्या ओळखीची बरीच मंडळी आहेत: ओढ्याकाठची जलब्राह्मी, थंडीत लावतो ते डॉग फ्लॉवर, नर्सरीतली अँजेलोनिया आणि वैद्यांची कुटकी. कुटकी तर व्हेरोनिकाची अगदी जवळची नातलग. ती हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढते आणि साताऱ्यात ती लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. व्हेरोनिकाचे फोटो इंग्लंडच्या साध्या अंगणातले असतात, म्हणून ती आपल्याला जवळची वाटते, इतकंच.

आता बर्फाचं. परदेशी पाकिटांवर "झोन ३ ते ८" असं छापलेलं असतं. हे झोन एकाच गोष्टीवरून ठरतात: हिवाळ्यातली सगळ्यात गार रात्र सरासरी किती गार असते. झोन ३ म्हणजे उणे ४० ते उणे ३४ अंश सेल्सिअस. झोन ८ म्हणजे उणे १२ ते उणे ७. साताऱ्यात थंडीतला पारा दहाच्या आसपास उतरतो, म्हणजे आपण झोन ११-१२ मध्ये बसतो. त्या आकड्यात एप्रिलचं ऊन नाही, जुलैचा पाऊस नाही, उकडती रात्र नाही. झाड उणे तीस सोसतं यावरून ते अधिक अडतीस सोसेल असं काहीच कळत नाही.

मी तर म्हणेन, थंडी सोसणं ही त्या झाडाची ताकद आहे तशी गरजही आहे. थंडीत ते विश्रांती घेतं आणि तो काळ मिळाला की फुलाची तयारी होते. आपल्याकडे विश्रांती नाही. वर रात्री गार होत नाहीत, त्यामुळे दिवसा पानांनी केलेली साखर रात्रीच्या श्वसनातच संपते. झाड हळूहळू खंगत जातं आणि आपण खत वाढवत बसतो.

काळीमाती
तासगाववरनं लिहितोय. फुलांचं मला फार कळत नाही, पण वर फोटोत पानं दिसली. कडेनं पांढरट पीठ मारल्यासारखं दिसतंय. ही भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, आहे का?

माचीपेठ
हो काका, तो बहिणीच्या बागेतला ऑगस्टमधला फोटो आहे. ती म्हणाली, दरवर्षी शेवटी शेवटी असं होतं.

काळीमाती
मग सांगतो. द्राक्षात आमचं आयुष्य भुरीशी झगडण्यात गेलंय. केवडा म्हणजे डाऊनी वेगळा, त्याला पानावर पाणी लागतं. भुरीला लागत नाही. हवेत दमटपणा, पान कोरडं, सावली आणि दाटी असली की ती चढते. म्हणून पावसाची सर येऊन गेल्यावर जी दमट, ढगाळ उघडीप असते तेव्हा नजर ठेवायची.

औषधाआधी हवा. झाडाझाडात अंतर ठेवा, मधल्या जुन्या काड्या काढून टाका, पाणी सकाळी आणि मुळाशी द्या. तरीही पीठ दिसलं तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना. पण ऊन तापलं असताना गंधक मारायचं नाही, पान करपतं. पस्तिशीच्या पुढं पारा गेला की आम्ही गंधकाचा डबा बंद ठेवतो. आणि जे पान पिवळं पडून खाली लोळतंय ते कंपोस्टात टाकू नका, जाळा नाहीतर लांब पुरा.

टेबललँड
मी पाचगणीत राहते आणि माझ्याकडे व्हेरोनिका आहे! हा धागा बघून फार आनंद झाला, कारण इथे या झाडाबद्दल बोलायला कुणी मिळत नाही.

पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास आहे, मे महिन्यातसुद्धा रात्री पातळ पांघरूण लागतं. त्यामुळे उन्हाळा आमच्याकडे हा प्रश्नच नाही. खरी परीक्षा पावसाची. महाबळेश्वरचा पाऊस साडेपाच-सहा हजार मिलिमीटरचा, आमचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरी मूळच्या कोरड्या जमिनीतल्या या व्हेरोनिकाला तो झेपत नाही. या झाडाची पानं जमिनीलगत चक्रासारखी बसतात आणि त्यांच्या मधोमध मान असते, जिथून फूट येते. तिथे पाणी आणि चिखल साचला की मान कुजते. वरून पान हिरवंच दिसतं, हात लावला की सगळं हातात येतं.

म्हणून माझी सगळी झाडं कुंडीतच आहेत. दहा इंची कुंडी, तळाला विटांचे तुकडे. माती एक भाग, बारीक मुरूम किंवा जाड वाळू एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत अर्धा भाग. कोकोपीट घालत नाही, ते पावसाळ्यात वाळतच नाही. लावताना मान मातीच्या किंचित वर ठेवायची आणि भोवती बारीक खडीचा थर द्यायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या कुंड्या पूर्वेच्या पडवीत येतात. वर पारदर्शक पत्रा आहे, तीन बाजू मोकळ्या. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. धुक्याचे आठ-आठ दिवस असतात तेव्हा पाणी अजिबात देत नाही.

सप्टेंबर संपता संपता कुंड्या बाहेर येतात. ऑक्टोबरात जुनी पानं आणि काड्या कापते. ज्या झाडाचं मधलं टक्कल पडलंय ते उपटून त्याचे तुकडे करते. कडेचे जोमदार तुकडे ठेवायचे, मधला लाकडी भाग टाकून द्यायचा. दर दोन-तीन वर्षांनी हे करावंच लागतं, इंग्लंडातही करतात. ताई, तुमची बहीण "काही करावं लागत नाही" म्हणते, पण तिच्या झाडाला चार वर्षं झाली की तिलाही कुदळ घ्यावी लागेल.

आता फुलांचं खरं सांगते. तुरे येतात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पण तुमच्या फोटोतल्यासारखे दाट नाहीत. तुरा चार-पाच इंचांचा, एका झाडाला मोजके. ज्या थंडीत वेण्णा तलावाकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या वर्षी स्पष्ट फरक दिसतो, तुरे लांब आणि जास्त. तुरा सुकला की त्याच्या खालच्या पानापर्यंत कापायचा, बगलेतून छोटे तुरे पुन्हा येतात. मला तेवढ्यातही समाधान आहे. सकाळी धुकं विरताना तो निळा दिसतो ना, त्यासाठी पडवीत कुंड्या वाहायला मी तयार आहे.

भिलारची_वाट
टेबललँड ताईंनी थंडीचं लिहिलं ते अगदी बरोबर. आमच्या स्ट्रॉबेरीचं तेच आहे. स्ट्रॉबेरी मुळात बहुवर्षायू झाड आहे, थंड देशांत एकदा लावलं की दोन-तीन वर्षं पीक घेतात. आम्ही दरवर्षी नवीन लावतो. मदर प्लँट बाहेरून येतात, त्यांचे रनर, म्हणजे आडव्या फांद्यांवर फुटणारी पिल्लं, वाढवायचे, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर टाकून लावायचे. मार्च-एप्रिलपर्यंत फळ, मग शेत मोकळं. पावसात ती झाडं ठेवून उपयोग नसतो. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या हंगामी पद्धतीच्या पिकालाच. "दरवर्षी नवीन लावायचं" यात काही कमीपणा नाही.

माचीपेठ ताई, तुमच्याकडे व्हेरोनिका हंगामी म्हणून केली तर? ऑक्टोबरात तयार रोप लावायचं, मार्चपर्यंत ठेवायचं.

माचीपेठ
हे मला सुचलं नव्हतं. पण मग बियाचं रोप पहिल्याच हंगामात फुलेल का? बी फ्रीजमध्ये ठेवून पेरलं तर थंडीची गरज भागेल का? एका व्हिडिओत तसं सांगत होते.

पानाफुलांत
नाही ताई. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. काही बियांना उगवण्यासाठी थंडी लागते, ती फ्रीजने भागते. व्हेरोनिकाला तुऱ्यासाठी जी थंडी हवी, ती पानं फुटलेल्या, मुळं धरलेल्या रोपाला हवी. परदेशात व्यावसायिक नर्सऱ्या तयार रोपांचे ट्रे पाच अंशांच्या आसपास, उजेड देऊन, दीड-दोन महिने ठेवतात आणि मग विक्रीला काढतात. घरच्या फ्रीजमध्ये अंधार असतो, तिथे ते जमण्यासारखं नाही. 'सनी बॉर्डर ब्लू' नावाचा प्रकार फार नावाजलेला आहे, १९९३ मध्ये अमेरिकेत तो त्या वर्षीचं बहुवर्षायू झाड म्हणून निवडला गेला, पण त्यालासुद्धा ही थंडी लागते.

दिवसाच्या लांबीतही खूप फरक आहे. यॉर्कशायरला जूनमध्ये दिवस सतरा तासांचा. आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतच, आणि त्या वेळी आभाळ भरलेलं.

टेबललँड
बियाबद्दल माझी भर: बी अगदी धुळीसारखं असतं. ओल्या, गाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यायची, झारीने पाणी दिलं तर बी एका कोपऱ्यात गोळा होतं. अठरा-वीस अंशांत दोन-तीन आठवड्यांत उगवतं. पहिल्या वर्षी बहुतेक पानंच मिळतात. लवकर फुलणारे बियाण्याचे प्रकार आहेत, पण घेताना पाकिटावर "पहिल्या वर्षी फुलणारे" असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटातून माझ्याकडे चक्क निळी साल्व्हिया उगवली होती!

सातबारा
मध्येच एक महत्त्वाचं. बॅगेतून गड्डा आणायचं कृपया करू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार झाडं, मुळं, बी, माती परवान्याशिवाय आणि तिथल्या सरकारी आरोग्य दाखल्याशिवाय देशात आणता येत नाहीत. विमानतळावर सापडलं तर जप्त होतं, पण खरा धोका न सापडण्यात आहे. मुळाभोवतीच्या मातीतून सूत्रकृमी, बुरशी, तणाचं बी काहीही येतं. गाजर गवत परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. १९५०च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज माण-खटावच्या माळावरसुद्धा तेच दिसतं. स्पीडवेलच्याच गोतातली व्हेरोनिका पर्सिका उत्तर भारतात गव्हात तण म्हणून ठाण मांडून बसली आहे.

माचीपेठ
बरं झालं सांगितलंत दादा. बहिणीला आजच कळवते.

हरिपूरची_लेक
सांगलीकडून नमस्कार. आमच्या परसात काळी भारी माती आहे. उन्हाळ्यात बोटभर भेगा आणि पावसाळ्यात आठ दिवस पाय घालता येत नाही. २०१९ च्या महापुरात अंगणात कंबरभर पाणी होतं. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. अशा ठिकाणी स्पीडवेलचा विचारसुद्धा मी करणार नाही, आणि सांगली-मिरजेत कुणी करू नये असं मनापासून सांगेन. पण निळे तुरे मला वर्षभर मिळतात, ते कसे ते सांगते.

पहिली अँजेलोनिया. पानाफुलांत ताईंनी म्हटलं तसं हे व्हेरोनिकाच्याच कुळातलं आहे, पण उष्ण अमेरिकेतलं. ऊन जितकं कडक तितकं खुलतं. जांभळा, पांढरा, गुलाबी रंग मिळतो, तुरा उभा, वीतभर. फुलं ओसरली की निम्म्यावर छाटायचं, तीन-चार आठवड्यांत परत भरतं. छाटलेल्या कोवळ्या काड्या वाळूत खोचल्या की पंधरवड्यात मुळं धरतात, नर्सरीत परत जायला नको. दोन-तीन वर्षांनी झाड लाकडी होतं, तेव्हा काड्यांवरून नवीन करायचं.

दुसरी निळी साल्व्हिया, टेबललँड ताईंकडे चुकून आली तीच. लांबून कुणी बघितलं तर स्पीडवेलच म्हणेल. मूळची टेक्सास आणि मेक्सिकोकडची. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की, आपल्याकडे ही बारमाही राहते आणि इंग्लंडात थंडीत मरते. तिकडचे लोक दर उन्हाळ्यात तिची नवीन रोपं विकत आणतात. म्हणजे माचीपेठ ताई, तुमच्या बहिणीला जे झाड दरवर्षी नव्याने लावावं लागेल ते तुमच्या दारात एकदा लावलं की राहील.

तिसरी निळी कोरांटी. आजीच्या परसात होती, अजून आहे, पुरातूनही उठली. पावसाळा सरला की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत फुलते. पाणी, खत, औषध काही मागत नाही. नर्सरीवाले ती ठेवतच नाहीत, कुणाच्या तरी कुंपणावरून काडी मागून आणावी लागते. मला वाटतं आपल्या भागात दणकट, वर्षानुवर्षं राहणारं निळं फूल कुणी विचारलं तर पहिलं नाव हिचं घ्यायला हवं. जमिनीलगत हवं असेल तर विष्णुक्रांता आहेच, मुरमाड उतारावर फार सुंदर पसरते.

भारी मातीत यातलं काहीही लावायचं तर गादीवाफा वीतभर उंच घ्या आणि मातीत मुरूम मिसळा. पाणी उभं राहिलं तर अँजेलोनियाही बसते.

नवखा_माळी
कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इतकी निळी-जांभळी फुलं असतात. तीच थोडी मुळासकट आणून लावली तर? हवामान तर आपलंच आहे.

पानाफुलांत
कृपा करून असं करू नका. कास पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ पासून आहे. तिथे साडेआठशेच्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत, त्यातल्या कित्येक दुसरीकडे फारशा सापडत नाहीत. फूल तोडायलाही तिथे मनाई आहे, मग मूळ उपटणं दूरच.

आणि आणलं तरी जगणार नाही. तिथे जांभ्याच्या सपाट कातळावर बोटभर माती आहे, पावसाळ्यात ती सतत झिरपत असते आणि उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं तर कीटकभक्षी वनस्पतीची, निकस आणि ओल्या जमिनीतच वाढणारी. तिला तुमचं शेणखत मिळालं तर ती त्यानेच मरेल. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. ती बघायला तिथे जावं, घरी आणू नये.

नवखा_माळी
समजलं. विचारलं ते बरं झालं. कोरांटीची काडी कुणाकडे मिळेल का, साताऱ्यात?

वाईची_आत्या
बाळा, वाईला ये, आमच्या कुंपणाला आहे. जून-जुलैत ये, तेव्हा काडी लगेच धरते. पेनाएवढी जाड, तीन डोळ्यांची घ्यायची.

माचीपेठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी असं ठरवलंय. उतारावर, उन्हाच्या जागी, निळी साल्व्हिया आणि अँजेलोनिया दीड-दीड फुटांवर आलटून पालटून. खालच्या अंगाला विष्णुक्रांता, माती धरून ठेवायला. कुंपणाला कोरांटी. आणि व्हेरोनिकाच्या दोन कुंड्या उत्तरेच्या जिन्याखाली, जिथे दुपारचं ऊन येत नाही आणि पावसाची झड लागत नाही. टेबललँड ताई, ऑक्टोबरात तुम्ही झाडाचे तुकडे कराल तेव्हा मला दोन मिळतील का? मी पाचगणीला येऊन घेऊन जाईन. साताऱ्यात त्या मार्चपर्यंत राहिल्या तरी मला चालेल. एप्रिलमध्ये काय होतं ते इथेच लिहीन.

टेबललँड
नक्की या! तुकडे कमी आहेत, पण तुमच्यासाठी दोन बाजूला काढते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात या, पाऊस पूर्ण थांबलेला असतो. आल्यावर दोन दिवस कुंडी सावलीत ठेवा, मगच सकाळचं ऊन द्या. आणि फेब्रुवारीच्या शेवटी तुमच्याकडे ऊन चढायला लागलं की कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा, मुळं गार राहतात. एप्रिल लागला की एक कुंडी माझ्याकडे परत पाठवा. उन्हाळाभर ती पाचगणीत राहील, एक तुमच्याकडेच राहू द्या. दोन्हींची तुलना होईल.

काळीमाती
ही कल्पना चांगली आहे. दोन्ही कुंड्यांचे फोटो टाका. भुरी दिसली तर लगेच कळवा, फोटो पानाच्या खालच्या बाजूचाही काढा.